अकरा पिशव्यांची ओळखपरेड

पालघरकडे जाऊन आले म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. समुद्र पाहिलास का, आणि चिकू आणलेस का? समुद्र पाहिला, चिकूही आणले. पण मी गेले होते माती आणायला, आणि हे सांगितलं की समोरचा माणूस हळूच विषय बदलतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. शेतकऱ्यांनी माती पाठवायची, आम्ही ती तपासून कोणतं खत किती घालायचं ते कार्डावर लिहून द्यायचं, असा साधा मामला. पण ठाणे जिल्ह्याच्या त्या टोकाकडून माती येतच नसे. वर्षभरात आली ती पाकिटं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातही एकाने मातीऐवजी बाटलीत विहिरीचं पाणी पाठवलेलं. साहेब म्हणाले, "लोक माती का देत नाहीत, ते जाऊन बघा. आणि येताना रिकाम्या हातानं येऊ नका."

एप्रिल महिना होता. मी कापडी पिशव्यांचा एक गठ्ठा आणि एक खुरपं घेऊन निघाले.

बोईसर

उतरले ती घामाने निथळतच. आमच्या साताऱ्याकडे उन्हाळा अंग भाजून काढतो, इथे तो उकडून काढतो. माझ्या मैत्रिणीची बहीण शैलाताई सालवडला राहायची. तिचे यजमान कारखान्यात होते. आजूबाजूच्या खोल्यांतून सगळी कामगार माणसं, त्यामुळे चाळीची बोली हिंदी. शेजारच्या बाईंनी माझं खुरपं पाहून विचारलं, "दीदी, बगीचे का काम करती हो?" मी माती तपासते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "हमारे ससुरजी तो चख के बता देते थे."

सकाळी ग्रामसेवक घरत मला न्यायला आले. सडसडीत बांधा, डोक्यावर टोपी, सायकलच्या दांड्याला अडकवलेली छत्री. सायकलवर बसण्यापेक्षा ती हातात धरून चालणंच त्यांना पसंत होतं. कारण रस्त्यात दर दहा पावलांवर कुणीतरी ओळखीचं भेटे. त्यांनी पहिल्याच वाक्यात माझ्या दौऱ्याचा निकाल लावून टाकला.

"मॅडम, इथली माणसं रक्त तपासायला देतील. माती नाही देणार."

"का बरं?"

"ते तुम्हीच विचारा. मला विचारून विचारून कंटाळा आलाय."

चिंचणी

पहिला दिवस किनाऱ्याकडचा. नाना राऊतांची वाडी म्हणजे चिकूची गर्द सावली, मधूनमधून नारळ, आणि पाटाने खेळणारं पाणी. आमच्याकडे शेत म्हणजे क्षितिजापर्यंत उघडं रान. इथे शेतात शिरताना घरात शिरल्यासारखं वाटतं. नाना साठीचे, पांढरा सदरा, बोलण्यात मोठी ऐट. आम्ही येणार हे घरतांनी आधीच कळवलं होतं, त्यामुळे नानांनी तयारी करून ठेवली होती. ओटीवर बिस्किटांचा एक डबा होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला.

"घ्या ताई. माती."

झाकण उघडलं तर आत काळीभोर, रव्यासारखी चाळलेली माती. एकही खडा नाही, एकही मूळ नाही. वास मात्र गोठ्याचा.

"नाना, यात शेणखत घातलंय का?"

"थोडासा घातलाय," नाना म्हणाले. "मंग काय, अशीच पाठवायची काय पुण्याला? पोरीला बघायला आले तर आमी तिला धुवून-पुसून नाय बसवत?"

आतून काकी हसत बाहेर आल्या. "दोन दिस चालन घेऊन बसलेत. माजी पिठाची चालन!"

मी समजावून सांगितलं की माती जशी आहे तशीच हवी, कारण आजार लपवला तर डॉक्टर औषध कसं देणार? नानांचा चेहरा पडला. "म्हंजे माजी माती वाईट निघाली तर कागदावर वाईट म्हनून लिवनार? आन तो कागद तालुक्याला जानार? गावात काय सांगू मी?"

असा अडथळा माझ्या पुस्तकांत नव्हता. पुस्तकांत शेतकरी अडाणी तरी असतो नाहीतर उत्साही, पण मातीच्या अब्रूची काळजी करणारा कुठेच भेटला नव्हता. शेवटी काकींनी तोडगा काढला. "चिकू बारका पडतो तो कशानं, रोज रात्री माजं डोकं खाता. विचारा ना मंग हिला!"

नाना उठले. आम्ही वाडीभर आठ-दहा ठिकाणी खुरप्याने वीतभर खोल खड्डे केले, कडेची माती खरवडून एकत्र केली, तिचे चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, उरलेली पुन्हा मिसळली. अर्धा किलो उरेपर्यंत हे चालतं. चांगली माती टाकून देताना पाहून नाना दर वेळी हळहळत होते. जेवायला तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण आणि वर हवे तेवढे ताडगोळे. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मला ती पांढरी, मऊ भाकरी फार आवडली. चार खाल्ल्या. काकींनी पाचवी न विचारता वाढली.

त्या वाडीच्या मातीत क्षार वाढलेले निघाले. विहिरीचं पाणी उपसून उपसून खारट होत चाललं होतं. नानांनी उपसा कमी केला, ताग पेरून जमिनीत गाडला. पण त्यांना खरा आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. कार्डावर एका रकान्यात 'सेंद्रिय कर्ब: भरपूर' असं लिहिलं होतं. ते कार्ड त्यांनी काच लावून ओटीवर टांगलं, असं घरतांनी मला कळवलं.

मोहाचा पाडा

दुसऱ्या दिवशी रूळ ओलांडून पूर्वेकडे गेलो. एसटी सोडली, टपावरून घरतांची सायकल उतरवून घेतली, सूर्या नदी गुडघाभर पाण्यातून पार केली, आणि तासभर चढण चढून पाड्यावर पोचलो. इथली शेतं म्हणजे डोंगराच्या उतारावरचे लहान लहान तुकडे, पावसावर पिकणारे. भात आणि नागली, म्हणजे नाचणी. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या जागेवर लोक उन्हाळ्यात पालापाचोळा आणि फांद्या जाळतात, त्याला राब म्हणतात. त्या दिवशी दोन-तीन ठिकाणी राब भाजत होते, हवेत गोडसर धूर होता.

घरतांच्या शब्दाखातर अकरा जण माती द्यायला तयार झाले. बारावी बारकीबाई. वय पन्नासच्या पुढे, अंगाने काटक, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली, शेत ती एकटीच करायची. तिने सरळ सांगितलं, "नाय देनार."

"का गं?"

"माती नेली का जमीन जाते."

मी हसले. घरत मात्र हसले नाहीत. बारकीबाई शांतपणे सांगत होती. "माज्या भावाची जमीन व्हती, रुलाच्या पल्याड. आदी दोन मानसं आली. नलीनं माती काडली, बाटलीत भरली. भावानं त्यांना पानी पाजला. मंग दुसरी मानसं आली, खुंट्या मारल्या. मंग भिंत झाली. आता भाऊ भिंतीच्या भायेर उभा रातो, कामाला घेतील काय म्हनून."

मी म्हटलं, "आमचा त्याच्याशी काही संबंध नाही. आम्ही खतासाठी तपासतो."

"ती बी मानसं गोडच बोलत व्हती," ती म्हणाली.

पण बाई गेली नाही. हाताची घडी घालून ती आमच्यामागे शेताशेतांतून फिरली. मी खड्डा कसा घेते, किती खोल, माती कुठून खरवडते, टाकते कुठली आणि ठेवते कुठली, सगळं बघत होती. बांधाजवळ खुरपं टेकवलं की म्हणे, "आता हितनं नाय घेनार ना तू? मघा त्या शेतात बांध सोडलास." नियम मी सांगितले नव्हते, तिने ते माझ्या हातांवरून ओळखले होते.

दुपारी तिनेच आम्हाला घरी नेलं. नागलीची भाकर आणि सुक्या बोंबलाची झणझणीत चटणी पुढे ठेवून म्हणाली, "माती नाय देनार. भाकर खा."

नदी

आता माझ्या चुकीची गोष्ट. प्रत्येक पिशवीत दोन चिठ्ठ्या लागतात, एक आत टाकायची आणि एक बाहेर बांधायची. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला मी हे बजावून सांगत असे. पण त्या दिवशी ऊन फार होतं, चिठ्ठ्या कमी होत्या, आणि मी म्हटलं, बाहेर एक आहे तेवढी पुरे.

अकराही पिशव्या घरतांच्या सायकलच्या कॅरियरला बांधल्या. नदीत मधोमध एका शेवाळलेल्या दगडावरून घरतांचा पाय सरकला. घरत, सायकल, छत्री आणि अकरा शेतं, सगळी एकदम पाण्यात बसली. आम्ही पिशव्या झटक्यात बाहेर काढल्या. आतली माती जेमतेम ओलावली होती, ती सावलीत वाळवता आली असती. पण चिठ्ठ्या मी शाईच्या पेनाने लिहिल्या होत्या. अकरा चिठ्ठ्यांवर अकरा निळे ढग उरले होते.

घरत काठावर बसून टोपी पिळत होते. म्हणाले, "अंदाजानं लिहून टाका मॅडम. पुण्यात कोणाला कळणार आहे?"

खरं सांगायचं तर अर्धं मिनिट मी विचार केला. कोणालाच कळलं नसतं. एकाचं खत दुसऱ्याच्या शेतात गेलं असतं, पीक बिघडलं असतं, आणि पुन्हा म्हणून त्या पाड्यावर कुणी कागदावर विश्वास ठेवला नसता. रात्री सालवडला पिशव्या उघडून पंख्याखाली ठेवल्या. शैलाताईच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

पुन्हा पाड्यावर

सकाळी त्याच पिशव्या घेऊन आम्ही परत गेलो. चूक माझी आहे, सगळ्यांची माती पुन्हा घ्यावी लागेल, असं सांगायचं मी वाटेत पाठ करत होते. पाड्यावर मोहाच्या झाडाखाली सगळे जमले. मी सांगितलं. मग मागून बारकीबाईचा आवाज आला.

"पुन्ना कशाला खनतेस? वत ती भुईवर."

वर्तमानपत्रं पसरून मी अकरा ढीग केले. लखमा नावाचा एक म्हातारा पुढे आला, पहिल्या ढिगातली चिमूट बोटांत चोळून म्हणाला, "ही माजी नाय. हिच्यात वालू हाय."

"रघ्याची ती," बारकीबाई म्हणाली. "ओहोलाच्या तोंडाची."

रघू आला, त्याने वास घेतला आणि मान हलवली. माझीच. मग जत्राच भरली. कुणी चोळून बघे, कुणी मुठीत दाबून ढेकूळ होतं का ते पाहे, एकाने तर जिभेला लावली आणि मला सालवडच्या शेजारणीचे सासरे आठवले. अडलं की सगळे बारकीबाईकडे बघत. ती उकिडवी बसून सांगे. या ढिगात कोळशाचा कण आहे म्हणजे राबाजवळची, ती काळूची. ही तांबडी, हिच्यात खडी, वरच्या माळाची, ती लखमाची.

"तुला सगळ्यांची कशी माहीत?" मी विचारलं.

"लावनीला सगल्यांच्या शेतात वाकते मी. बोटं मातीत असतात ना."

माझ्यातली प्रयोगशाळा मात्र गप्प बसेना. बारकीबाई पाणी प्यायला उठली तेव्हा मी दोन ढिगांचे कागद हळूच अदलाबदल करून ठेवले. ती परत आली, बसली, बघितलं आणि म्हणाली, "बदललास काय?" सगळा पाडा हसला. मी कान धरले.

शेवटी दोन ढीग राहिले, आणि देवजी व सोन्या हे दोघे भाऊ. दोघांनी दोन्ही ढीग चाचपले आणि दोघांनाही दोन्ही आपलेच वाटले. वाद वाढायला लागला तशी बारकीबाई म्हणाली, "बांध तुमी गेल्या साली घातला. मातीला काय ठावं?" मी दोन्ही पिशव्यांवर दोघांचीही नावं लिहिली. या वेळी पेन्सिलीने, आणि चिठ्ठ्या आतही टाकल्या.

आम्ही निघायच्या तयारीत होतो तेव्हा बारकीबाई घराकडे गेली आणि पळसाच्या पानांचा मोठा द्रोण घेऊन आली. त्यात माती होती. नीट मिसळलेली, अर्धा किलोच्या आसपास.

"देत नव्हतीस ना?"

"तुला कुनाची कंची ते बी ठावं नाय," ती म्हणाली. "तू काय जमीन घेशील!"

माझ्या नोकरीत मला मिळालेलं हे सर्वांत चांगलं प्रमाणपत्र. तिची अट एकच होती. फॉर्मवर जमिनीचा नंबर लिहायचा नाही. तो रकाना कोरा ठेवून मी फक्त 'बारकीबाई, मोहाचा पाडा' असं लिहिलं. पुण्यात साहेबांनी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं तेव्हा मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि कोऱ्या रकान्यासकट फॉर्मवर सही केली.

दिवाळीनंतर

कार्डं मे महिन्यात गेली. घरतांनी ती झाडाखाली वाचून दाखवली. बारकीबाईची माती आंबट निघाली होती, चुना घालायला हवा होता. तिचं म्हणणं घरतांनी पत्रात जसंच्या तसं उतरवलं होतं: "आंबट हाय ते माला ठावं. लिवायला पुन्याला कशाला जावा लागला? पर चुन्याचा माला ठावं नव्हता." घरतांनी किनाऱ्याकडून शिंपल्यांचा चुना पोचवला. तिने तो अर्ध्याच शेतात टाकला. उरलेलं अर्धं तसंच ठेवलं.

हे वाचल्यापासून मला चैन पडेना. भात कापणीला आलं तेव्हा चार दिवसांची रजा काढून मी स्वतःच्या हौसेने गेले. या खेपेला ना पिशव्या, ना फॉर्म. सोबत फक्त शैलाताईसाठी चिवड्याचा डबा होता.

घरतांनी आणि मी नदी होडीतून ओलांडली. ही सूचना घरतांचीच. पाड्यावरची हवा पिकल्या भाताच्या वासाने भरलेली होती. बारकीबाई शेताच्या मधोमध विळा घेऊन उभी होती. तिने मला बांधावर उभं केलं आणि विळ्याने शेत दाखवलं. मी बघितलं. फार मोठा चमत्कार नव्हता. पण चुना टाकलेल्या डाव्या अंगाच्या लोंब्या थोड्या जास्त वाकल्या होत्या, दाणे टोकापर्यंत भरले होते.

"थोडाच फरक दिसतोय," मी जरा ओशाळून म्हटलं.

"वीतभर नाय. बोटभर हाय," ती म्हणाली. "सगल्या शेतात बोटभर झाला का दाना म्हयनाभर जास्त पुरंल. मंग विटांच्या भट्टीवर जायाचा ते एक म्हयना उशिरा."

दरवर्षी भात संपला की ती पाठीवर गाठोडं टाकून भट्ट्यांवर कामाला जायची, हे मला तेव्हा कळलं. आमच्या कार्डावर नत्र, स्फुरद, पालाश असे रकाने होते. घरी राहायला मिळणाऱ्या महिन्याचा रकाना नव्हता.

रात्री पाड्यावरच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघणार, तर मोहाखाली सहा बायका बसलेल्या. कुणाकडे तंबाखूचा डबा, कुणाकडे सुपलीत, कुणाकडे पदरात. सगळ्यांत माती. त्या शेजारच्या पाड्यांवरच्या होत्या आणि त्यांना बारकीबाईने शिकवलं होतं. "धा ठिकानची घेतलीय," ती म्हणाली. "बांध सोडून. झाड सोडून. चार भाग करून. तू केलास तसाच."

माझ्याकडे एकही पिशवी नव्हती. बायकांनी पळसाची पानं आणली आणि वेलीने बांधून सहा पुडके केले. पुडक्यांसाठी नावं लिहायला मी वहीतला कागद फाडायला लागले, तर बारकीबाईने हात धरला.

"पानी लागला तर?"

घरत तोंड फिरवून हसले. मग तिने मला खाली बसवलं, एकेक पुडका उघडला आणि माझी बोटं धरून आत घातली. ही भुसभुशीत, ही चिकट, हिच्यात बारीक खडी, हिला धुराचा वास. चुकले की पहिल्यापासून. कागद तिने लिहू दिला, पण मला सहाही न बघता ओळखता आल्यावरच. एव्हाना दुपारची गाडी गेली होती.

संध्याकाळच्या एसटीत मी साडीत बांधलेलं ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले. पानांच्या फटींतून थोडी माती सीटवर सांडत होती. कंडक्टर आला, वाकून बघू लागला.

"काय हाय बाई त्यात?"

"माती."

"माती?" त्याने तिकिटाचा चिमटा थांबवला. "कुनाची?"

मी गाठोड्यावर हात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. "ही लाडकीची. ही जानकीची. ही रखमीची. ही सोनीची. ही धाकलीची. आणि हिला धुराचा वास येतोय ना, ही काळीबाईची."